बारा इंचांचा फूट, अकरा इंचांचा फूट

नमस्कार श्रोतेहो.

चौथी-पाचवीच्या वर्गात उत्तर विचारलं की मुलं म्हणतात, 'बारा'. बारा काय? मीटर, किलो की रुपये? एकक लिहिणं त्यांना जाच वाटतो. अशा मुलांना मी 'वासा' जहाजाची गोष्ट सांगते.

10 ऑगस्ट 1628. स्टॉकहोमच्या बंदरातून स्वीडनच्या राजाची 64 तोफांची नवीकोरी युद्धनौका निघाली. जेमतेम 1300 मीटर गेली, वाऱ्याचा झोत आला आणि ती कलली. तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरलं, ती तळाला गेली. सुमारे 30 माणसं दगावली. 1961 साली तिला वर काढलं. पाण्यात किती वर्षं होती? ही वजाबाकी तोंडीच करायला लावा. 333 ऐकून मुलं खूश होतात.

पण खरा खजिना म्हणजे जहाजात सापडलेल्या सुतारांच्या चार फूटपट्ट्या. दोन स्वीडिश, 12 इंचांच्या. दोन अ‍ॅमस्टरडॅमच्या, 11 इंचांच्या. स्वीडिश फूट साधारण 29.7 सेंटिमीटर, अ‍ॅमस्टरडॅमचा 28.3. कुठला इंच मोठा? मुलं चटकन म्हणतात, स्वीडिश! आता भागाकार करू द्या. 29.7 भागिले 12, जवळपास 2.48. 28.3 भागिले 11, 2.57. फूट लहान, पण इंच मोठा! वर्गात इथे हमखास गलका होतो, होऊ द्यावा.

मग मैदानात खडूनं 40 फूट आखा, दोन्ही मापांनी. फरक 56 सेंटिमीटर. एकच आकडा ऐकून दोन सुतार कामाला लागले, तर काय होईल, हे मुलांना दिसतं.

मात्र जहाज केवळ पट्ट्यांमुळे बुडालं, असं सांगू नका. वरचा भार जास्त आणि तळाशी वजन कमी, हे मूळ कारण. निघण्याआधी 30 माणसांना डेकवर या काठावरून त्या काठावर धावायला लावलं होतं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोललं, की चाचणी थांबवावी लागली. मोठ्या मुलांना इथे शेकडेवारी द्या. माणूस 60 किलोचा धरला, तर 30 जणांचे 1800 किलो. जहाज सुमारे 1200 टनांचं. म्हणजे फक्त 0.15 टक्के वजन इकडून तिकडे झालं!

'मग तरी का सोडलं?' असं मुलं विचारतील. त्या दिवशी पुस्तकातली पुढची उदाहरणं राहू द्या, त्यांना यावर बोलू द्या.