डेटनचा आयुक्त कोण नेमतो?

मंडळी, विषय अमेरिकेतल्या एका मध्यम शहराच्या कारभाराचा आहे. सुरुवात मात्र पुरापासून करावी लागेल, कारण तो कारभार पुरातून जन्माला आला.

ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे. ग्रेट मायामी नदीला तिथे आणखी दोन नद्या आणि एक मोठा ओढा येऊन मिळतात. १९१३ च्या मार्चमध्ये ईस्टरच्या रविवारी पाऊस लागला आणि २५ मार्चला नदीचे बांध फुटले. शहराच्या भर बाजारपेठेत काही ठिकाणी वीस फूट पाणी होतं. लोक घरांच्या माळ्यांवर चढले, तिथून छपरांवर. त्या महापुरात मायामीच्या खोऱ्यात साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. पानशेतच्या आठवणी ऐकत वाढलेल्यांना मी अधिक सांगायला नको.

डेटनमध्ये तेव्हा रोख नोंदवण्याची यंत्रं, म्हणजे कॅश रजिस्टर, बनवणारा मोठा कारखाना होता. त्याचे मालक जॉन पॅटरसन. त्यांनी कारखान्यातलं नेहमीचं काम थांबवून सपाट बुडाच्या होड्या बनवायला घेतल्या, आवारात पूरग्रस्तांना जागा दिली, भाकरी भाजल्या. आणि पाणी ओसरल्यावर लोक विचारू लागले : एका कारखान्याला जे जमलं ते नगरपालिकेला का जमलं नाही? हा प्रश्न पॅटरसन स्वतः कित्येक वर्षं विचारत आले होते. शहर हा एक मोठा उद्योग आहे आणि नागरिक त्याचे भागधारक आहेत, हे त्यांचं मत १८९६ पासूनचं. पुरापूर्वी ते ऐकून घेतलं जायचं. पुरानंतर ते पटलं.

योगही जुळून आला होता. आदल्याच वर्षी, १९१२ मध्ये, ओहायोच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन शहरांना आपली सनद, म्हणजे कारभाराची मूळ नियमावली, आपण लिहिण्याचा हक्क मिळाला होता. डेटनकरांनी १९१३ च्या ऑगस्टमध्ये मतदान करून नवी सनद स्वीकारली आणि १ जानेवारी १९१४ पासून ती लागू झाली. पूर ते सनद, पाच महिने. निवडून आलेल्या सभेनं एक व्यावसायिक कारभारी नेमायचा, ही त्या सनदेतली पद्धत त्याआधी एखाद-दुसऱ्या लहान गावात होती. एवढ्या मोठ्या शहरानं ती घेतली ती डेटननं पहिल्यांदा. आज अमेरिकेतली हजारो शहरं तिच्यावर चालतात.

आता शब्दांकडे नीट लक्ष द्या, कारण इथे आपला हमखास घोटाळा होतो. डेटनमध्ये 'कमिशनर' म्हणजे निवडून आलेला माणूस. असे पाच जण. त्यांतला एक महापौर. सगळे चार वर्षांसाठी निवडून येतात, वॉर्डातून नव्हे तर सबंध शहरातून, आणि मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष नसतो. महापौर सभेच्या अध्यक्षस्थानी बसतो, शहराच्या वतीनं बोलतो, पण मत त्याचंही एकच. आणि आपण ज्याला आयुक्त म्हणतो, त्याला तिथे सिटी मॅनेजर म्हणतात. खातेप्रमुख तो नेमतो, अंदाजपत्रक तो मांडतो, रस्ते, पाणी, पोलीस, अग्निशमन त्याच्या हाताखाली. हो, पोलीससुद्धा. आपल्याकडे पोलीस राज्य सरकारचे, तिथे शहराचे.

आणि या सिटी मॅनेजरला नेमतात ते पाच जण. राज्याच्या राजधानीतून, कोलंबसहून, कुणी पाठवत नाही. त्या पाचांतल्या तिघांना वाटलं की याचं काम बरोबर नाही, तर त्याला जावं लागतं.

पहिला मॅनेजर निवडताना त्यांनी पनामा कालव्याचे अभियंते जॉर्ज गोथल्स यांना विचारलं होतं. ते आले नाहीत. मग सिनसिनाटीचे शहर अभियंता हेन्री वेट यांना आणलं. बाहेरगावचा, गावातल्या कुणाशी नातंगोतं नसलेला इंजिनियर! एखादी कंपनी व्यवस्थापक शोधते तसा शहरानं कारभारी शोधला.

मुंबईचा महापालिका कायदा १८८८ चा. त्यात कार्यकारी सत्ता आयुक्ताची आणि आयुक्त नेमणार सरकार. तेव्हाचं सरकार कुणाचं होतं हे सांगायची गरज नाही. साहेब गेला, कलम राहिलं. नगरसेवकांनी मोठ्या बहुमतानं ठराव करून आयुक्त परत पाठवण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे, पण त्याच्या जागी कोण येणार हे मंत्रालयच ठरवतं. म्हणून २०२२ मध्ये मुदत संपलेल्या महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या तरी गाडा चालत राहिला. डेटनमध्ये हे घडू शकत नाही असं मी म्हणतो ते तिथली माणसं थोर आहेत म्हणून नव्हे. तिथे मॅनेजरची नेमणूकच त्या पाच खुर्च्यांतून होते. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर त्याला नेमणारंच कुणी उरत नाही.

पण या पद्धतीची किंमतही डेटननं मोजली आहे, आणि ती लपवून मी तुम्हाला नुसतं कौतुक सांगितलं तर ते अप्रामाणिक होईल. वॉर्ड काढून टाकले, सबंध शहरातून निवडणूक ठेवली, तेव्हा कामगारवस्त्यांचा आवाज विरघळून गेला. १९१७ च्या निवडणुकीत तिथल्या समाजवादी पक्षाला सुमारे ४४ टक्के मतं पडली आणि जागा एकही मिळाली नाही. शंभरातल्या चव्वेचाळीस माणसांचं सभागृहात कुणीही नाही! नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. तिथल्या नेत्यांना या सभागृहात पोहोचायला जवळजवळ अर्धं शतक लागलं, आणि पहिले कृष्णवर्णीय महापौर जेम्स मॅगी १९७० मध्ये झाले. पुढे भागवार नागरी मंडळं स्थापून ही उणीव भरून काढायचा प्रयत्न शहरानं केला. कार्यक्षमता आणि प्रतिनिधित्व एकाच दोरीनं बांधता येतं का, हा प्रश्न त्या गावात अजून मिटलेला नाही. आपल्याकडे वॉर्ड आहेत, ही मला आपली जमेची बाजू वाटते.

पैशाचं थोडक्यात. शहराचा मुख्य आधार घरपट्टी नाही. तिचा मोठा भाग शाळा आणि कौंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, यांच्याकडे जातो. शहर जगतं ते मिळकतीवरच्या करावर, आणि तो कर जिथे काम करता तिथे आधी भरायचा. उपनगरात राहून डेटनमध्ये नोकरी करणारा डेटनला भरतो. १९६० मध्ये दोन लाख बासष्ट हजार लोकवस्ती होती, २०२० च्या जनगणनेत एक लाख अडतीस हजारांच्या आत आली. कारखाने गेले. ती कॅश रजिस्टरची कंपनीसुद्धा २००९ मध्ये मुख्यालय घेऊन जॉर्जियाला गेली. अशा शहरानं २०१६ मध्ये कर सव्वादोन टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर न्यायचा की नाही, हे थेट मतदारांना विचारलं. वाढीव पैशातला काही भाग चार वर्षांच्या मुलांच्या बालवाडीसाठी होता. लोकांनी हो म्हटलं. कर वाढवायला मत देणारे लोक! कारण पैसा कुठे जाणार हे त्यांना आधी कळलं होतं.

गंमत अशी की शहराच्या हातात काय नाही, याची यादीही लांब आहे. शाळांचं मंडळ वेगळं निवडून येतं. बसगाड्या वेगळ्या संस्थेच्या. आरोग्य खातं कौंटीच्या पातळीवर. आणि पूर? त्यासाठी १९१४ च्या कायद्यानं सबंध खोऱ्याची पूर आवरणारी वेगळी संस्था उभी राहिली. पुरानंतर लोकांनी वीस लाख डॉलर वर्गणी जमवली होती. घोषणा होती, 'माळ्यावर दिलेली वचनं आठवा.' त्या पैशातून काम सुरू झालं आणि १९२२ पर्यंत पाच धरणं झाली. एरवी कोरडी असणारी धरणं. नदी चढली की पाणी अडवून धरतात आणि हळूहळू सोडतात. त्यानंतर डेटन तसं बुडालेलं नाही.

पाणी मात्र शहराचं. जमिनीखालच्या वाळू-खडीच्या थरातून ते उपसतात आणि आसपासच्या गावांनाही देतात. १९८७ च्या मे महिन्यात विहिरींच्या परिसरातलं रंगाचं प्रचंड गोदाम पेटलं. अग्निशमन दलानं पाणी मारलं असतं तर रंग आणि रसायनं वाहून जमिनीत उतरली असती. म्हणून गोदाम जळू द्यायचं ठरलं. आग समोर दिसत असताना पाइप खाली ठेवायचा, त्याला किती माहिती आणि किती धैर्य लागत असेल! पुढे विहिरींच्या परिसरात कोण किती रसायनं साठवू शकेल याचे नियम शहरानं केले.

शेवटी, मी पाहिलेली एक सभा सांगतो. दिवस बुधवार. छोटं सभागृह, पाच खुर्च्या, बाजूला मॅनेजर. नागरिकांच्या वेळेत एक वृद्ध बाई उठल्या. शेजारचं घर ओस पडलंय, छप्पर खचलंय, रात्री कोण कोण येतं, मला झोप लागत नाही. त्या रागावल्या नव्हत्या. कागदावर लिहून आणलं होतं, ते वाचत होत्या. एका कमिशनरनं मान हलवली, पण कुठल्या अधिकाऱ्याला हुकूम सोडला नाही. सनदेप्रमाणे सदस्य कर्मचाऱ्यांना परस्पर आदेश देऊ शकत नाहीत. जे काही असेल ते मॅनेजरमार्फत. कमिशनरनं मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरनं मागच्या रांगेकडे. तिथून एकजण उठला आणि बाईंच्या मागोमाग बाहेर गेला.

सभा संपवून मी निघालो तेव्हा ते दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले होते. तो समजावून सांगत होता : मालकाला नोटीस जाईल, थकलेला कर हे कौंटीचं काम, मग पाडायचं की विकायचं ते ठरेल, वेळ लागेल. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी त्याच्या वहीत बोट ठेवून घराचा नंबर दुरुस्त करून दिला.