पीटरच्या खोलीतून जाणारा जिना

ॲमस्टरडॅम, प्रिन्सेनग्राख्त, घर नंबर २६३. पुढे मसाल्यांचं ऑफिस. मागे, फिरत्या कपाटाआड, लपलेलं बिऱ्हाड.

जुलै १९४२ मध्ये फ्रँक कुटुंब इथे दडलं. आठवड्याने फान पेल्स आले. दोन्ही घरं ज्यू, दोन्ही हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली. फ्रँकांची मुलगी ॲन फ्रँकफर्टची, फान पेल्सांचा मुलगा पीटर ओस्नाब्र्युकचा. जर्मनीने कधीच परकं केलं होतं, आता जर्मनांनी बळकावलेल्या हॉलंडच्या रस्त्यावरही तोंड दाखवायची चोरी.

तेरा वर्षांच्या ॲनला हा पंधरा वर्षांचा बुजरा पोरगा मुळीच आवडला नाही. सोबत मूशी नावाचं मांजर, एवढीच काय ती त्याची करामत!

नोव्हेंबरात पीटर घेवड्याची पोती माळ्यावर चढवत होता. एक पोतं उसवलं आणि दाण्यांचा लोंढा जिन्यावरून धडधडत खाली आला. खाली ॲन उभी, घोट्यापर्यंत दाण्यांत. तिचा तो अवतार बघून पीटरला हसू आवरेना.

हसायला मिळे ते इतकंच. आठ माणसं, एक संडास, दिवसभर कुजबुज. पीटरच्या आईचा सतरा वर्षं वापरलेला फरकोट ३२५ गिल्डरला विकला, तर त्या पैशांवरून नवरा-बायकोत कडाक्याचं वाजलं. इकडे ॲनचं आईशी पटेना.

जानेवारी १९४४. कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून ॲन पीटरच्या खोलीत गेली. निमित्त शब्दकोड्याचं. माळ्याचा जिना त्याच खोलीतून वर जायचा. मग दोघं वर, खिडकीपाशी. बाहेर चेस्टनटचं झाड.

१५ एप्रिल, रात्री साडेआठ. पहिलं चुंबन. अर्धं गालावर, अर्धं कानावर.

वडिलांनी, ओट्टो फ्रँक यांनी, सांगितलं: वर फार जात जाऊ नकोस. तिने त्यांना तिखट पत्र लिहिलं. ते दुखावले, मग तीही रडली.

ही थोर प्रेमकहाणी म्हणून सांगणारे बहुधा तिच्या डायरीतल्या एप्रिलच्या पानांवरच थांबतात. जुलैत तिनेच लिहून ठेवलंय की पीटरने तिला जिंकलं नाही, तिने त्याला जिंकलं. मनात त्याचं एक चित्र रंगवलं होतं. पंधराव्या वर्षी इतकं स्वच्छ बघणं सोपं नाही.

४ ऑगस्ट १९४४ ला धाड पडली. सप्टेंबरात ऑशवित्झची छावणी. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे.

तिथे पीटरला टपालखात्यात काम मिळालं, त्यामुळे पोटाला थोडं जास्त. त्यातलं तो ओट्टोंना आणून देई. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ आल्या तसे पहारेकरी कैद्यांना पायी हाकलू लागले. दवाखान्याच्या बराकीत पडलेल्या ओट्टोंनी विनवलं, इथेच लपून राहा. त्याने ऐकलं नाही. मे महिन्यात, माउटहाउझेनच्या छावणीत तो वारला. वय १८. ॲन त्याआधीच बर्गेन-बेल्झेनच्या छावणीत वारली होती.

आठांपैकी परतले एकटे ओट्टो. लपलेल्यांना मदत करणाऱ्या, ऑफिसातल्या मीप खीस यांनी जपलेल्या ॲनच्या डायरीच्या वह्या त्यांच्या हाती आल्या. एप्रिलची पानं त्यांनी तेव्हा वाचली.