खिडकीची कावीळ

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय सिकलसेल, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार. परंतु मी सुरुवात काविळीपासून करणार आहे, कारण पूर्व विदर्भातल्या माझ्या नोकरीच्या काळात सिकलसेलचे जे रुग्ण समोर आले, त्यांतले कित्येक जण यकृताचे रुग्ण म्हणून आलेले होते. डोळे पिवळे दिसले की आपण यकृताला दोष देतो. बहुतेक वेळा तो दोष खराही असतो, पण दर वेळी नसतो. आपण ऐकत आहात, वाचत नाही, म्हणून हे वाक्य मी पुन्हा म्हणते: डोळे पिवळे झाले म्हणजे दर वेळी यकृतच बिघडलेले असते असे नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी असतानाची ही गोष्ट आहे. पौषातली सकाळ होती. केसपेपरची खिडकी उघडण्यापूर्वीच एक आजी अकरा वर्षांच्या नातीला घेऊन पायरीवर बसलेली होती. मुलीने दोन्ही गुडघे पोटाशी घट्ट धरले होते, ओठ पांढुरके पडले होते, डोळे पिवळे होते आणि गळ्यात काविळीची माळ होती. ही माळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ओल्या काडीचे पेराएवढे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवून माळ करायची, ती डोक्यावर ठेवायची, आणि लांबत लांबत ती गळ्यात व गळ्यातून खाली उतरली म्हणजे कावीळ उतरली असे समजायचे. आजीने पिशवीतून आणखी दोन वाळलेल्या माळा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, “बाई, दोनदा उतरली, पन पुन्हा चढते. पोरीचं लिवर खराब झालं असन.”

पिशवीत जुने कागदही होते. लोहाच्या गोळ्या तीन वेळा लिहून दिलेल्या होत्या. एका कागदावर हिमोग्लोबिन अवघे 7 ग्रॅम होते. दुसऱ्यावर बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे द्रव्य, वाढलेले होते, पण यकृताला सूज आली की जे आकडे चढतात ते जागच्या जागी होते. हे दोन कागद कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेले नव्हते. अलीकडे अहवालांची पिशवी जाड होत चालली आहे आणि विचारपूस बारीक होत चालली आहे, हे माझे जुने रडगाणे आहे. ते इथेच थांबवते.

मी आजीला विचारले, पहिली माळ कधी घातली? ती म्हणाली, रोवणीत, म्हणजे भातलावणीत. पोरगी आईबरोबर पऱ्हे लावायला बांधीत उतरली होती आणि दिवसभर भिजली होती. दुसरी माळ? गेल्या वर्षी, थंडी कडाक्याची पडली तेव्हा. आणि ही तिसरी? ताप आला, दोन दिवस पोरीने पाणीसुद्धा घेतले नाही, त्यानंतर. तिन्ही वेळा आधी हाडे दुखली होती आणि घरच्यांना डोळ्यांचा पिवळेपणा नंतर दिसला होता. मी आणखी एक प्रश्न विचारला: ही वर्षाची असताना हातापायांची बोटे कधी सुजली होती का? आजी माझ्याकडे पाहतच राहिली, कारण बोटे सुजली होती आणि ही गोष्ट तिने कोणालाही सांगितलेली नव्हती. श्रोतेहो, निदान तिथेच निम्मे झाले होते. भिजणे, थंडी, ताप आणि पाण्याची तूट, या चारही गोष्टींनी सिकलसेलचे दुखणे उसळते.

उरलेले निम्मे आमच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांनी केले. विरघळण्याच्या चाचणीत रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात आणि नळीमागे छापील कागद धरतात. अक्षरे वाचता आली तर चाचणी नकारार्थी समजतात. त्यांनी वर्तमानपत्र धरले, आणि मथळासुद्धा दिसेना, नळीत तांदळाचे धुवण असावे तसे झाले होते. मात्र एवढ्याने रुग्ण कोण आणि वाहक, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेला व स्वतः आजारी नसलेला माणूस, कोण हे ठरत नाही, कारण दोघांचीही नळी गढूळ होते. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पुढची तपासणी लागते. नमुना जिल्ह्याला पाठवला आणि मुलीला सलाईन व वेदनाशामक औषध सुरू केले.

आजीला मात्र हे पटेना. तिचा मुद्दा बिनतोड होता: कावीळ नव्हती, तर माळ लांबली कशी? वाद घालण्याऐवजी मी आमच्या शिपायाला तशाच ओल्या काड्यांची माळ करायला सांगितली आणि ती वॉर्डातल्या खिडकीच्या गजाला टांगली. परिचारिकेने शिवणाच्या टेपने मोजले आणि आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला. काडी वाळली की आक्रसते, गाठीचा फास सैल पडतो, आणि गाठीत अडकलेला दोरा मोकळा होऊन माळ लांबते. आठ दिवसांनी एसएस, म्हणजे दोष आईवडील दोघांकडून आलेला रुग्ण, असा अहवाल आला, तेव्हा आजीनेच टेप हातात घेतली. माळ जवळजवळ दीडपट झाली होती. आजी भिंतीवरच्या आकड्याकडे पाहत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, “म्हंजे खिडकीलेबी कावीळ झाली होती म्हना!”

आता थोडे शास्त्र. 1910 साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात हा आजार 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळला, आणि महाराष्ट्रात तो विदर्भात व नंदुरबारकडे विशेष दिसतो. हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा नावाच्या साखळीत 146 दुवे असतात. त्यांतला सहावा दुवा बदलतो आणि एवढ्याने प्राणवायू कमी पडताच पेशी वाकडी व ताठर होते. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस टिकते, तर ही 10 ते 20 दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींतून पिवळे द्रव्य इतके तयार होते की यकृत धडधाकट असूनही त्याला ते वेळेत बाहेर टाकता येत नाही. राइस मिल नीट चालू असते, पण अंगणात धानाच्या गाड्यांवर गाड्या येऊन उभ्या राहतात, तसे. याच द्रव्याचे पुढे पित्ताशयात खडे होतात, म्हणून लहान वयात पित्ताचे खडे सापडले तरीही रक्त तपासावे.

खऱ्या यकृताच्या काविळीत बहुधा लघवी गडद होते, अन्नावरची वासना जाते आणि उलटीची भावना होते. तिच्यावर रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस पाजणाऱ्यांना माझे सांगणे आहे की अस्वच्छ पाण्याचा बर्फ हा त्या काविळीच्या विषाणूला घरात आणण्याचा सोपा रस्ता आहे.

उपचारांचे थोडक्यात सांगते. सिकलसेलमध्ये लोहाची खरोखर कमतरता असल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देत नाहीत. हेही पुन्हा सांगते: तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या नकोत. फॉलिक ॲसिड रोज घ्यावे आणि दिवसभर पाणी पीत राहावे. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची आणि रक्तपेशींची मोजणी ठरलेल्या वेळी करायची. पाच वर्षांखालील मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस लागते. जोराचा ताप, छातीत दुखणे, धाप, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, किंवा मुलाच्या पोटाची डावी बाजू एकाएकी फुगणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

त्या घरात आई आणि वडील दोघेही वाहक निघाले. असे जोडपे असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रुग्ण मूल होण्याची असते. मोठी बहीण वाहक होती आणि तिची सोयरीक चालू होती. मुलाकडच्यांना रक्त तपासायला सांगायचे कसे, यावर घरात आठवडाभर खल झाला, आणि शेवटी आजीच आपली वाळलेली माळ घेऊन त्यांच्याकडे गेली. खिडकीची गोष्ट सांगून तिने मुलाला तपासणीला आणले. तो वाहक नव्हता. लग्न झाले.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरलेले आहे, तेव्हा ही चाचणी आपल्याही गावी येऊ शकते. तिच्यासाठी उपाशीपोटी जावे लागत नाही, बोटाच्या टोकाचे थोडेसे रक्त पुरते. एवढेच की गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलेले असेल तर ते आधी सांगावे, कारण मग दुसऱ्याच्या रक्ताचा अहवाल आपल्या नावावर येतो. नमस्कार.