भिंतीतलं भोक आणि रबराचं कडं

[दृश्य: रिकामं न्हाणीघर. पांढरा स्पा-टब, बाजूचं पॅनल काढलेलं. आत पाइपांचं जाळं. शांतता. मग एक थेंब.]

ऐकलंत? थोडं थांबा, पुन्हा पडेल.

सेकंदाला एक थेंब. असा एक थेंब साधारण मिलिलिटरच्या विसाव्या भागाएवढा असतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. हिशोब केला तर चोवीस तासांत चार लिटरांहून जास्त पाणी. भरलेल्या टबात चार लिटर कमी झाले तर डोळ्यांना कळत नाही, वाफेनं उडाले असतील असं वाटतं. पण ते उडालेले नसतात. ते या पॅनलच्या मागे गेलेले असतात. लाकडी चौकटीत, इन्सुलेशनच्या फोममध्ये, पंपाच्या पायाशी. वर्षानं पॅनल उघडावं तर चौकट हाताला लागताच भुसभुशीत होऊन गळून पडते.

या फिल्ममध्ये आपण त्या थेंबाच्या मुळाशी जाणार आहोत. टबाच्या भिंतीला पाडलेलं भोक, त्यात बसवलेलं फिटिंग, आणि दोघांच्या मधलं रबराचं एक कडं.

[दृश्य: जुना साधा बाथटब. कॅमेरा तळाच्या निचऱ्यावरून वरच्या ओव्हरफ्लोकडे.]

साध्या बाथटबला भोकं दोनच. तळाशी निचरा, आणि वर, पाणी काठावरून सांडू नये म्हणून ओव्हरफ्लो. ओव्हरफ्लो बहुतेक वेळ कोरडाच असतो, त्यामुळे खरी काळजी निचऱ्याच्या एकाच भोकाची.

१९४८ मध्ये अमेरिकेत कँडिडो जकुझी यांनी आपल्या लहान मुलासाठी एक पंप बनवला. मुलाला सांधेदुखीचा असा आजार होता की पाण्याच्या मसाजानं त्याला आराम पडायचा. जकुझी घराण्याचा धंदाच पंपांचा. हा पंप भरलेल्या टबात ठेवायचा, पाणी घुसळायचं, काम झालं की बाहेर काढायचा. टबाच्या भिंतीला त्यानं धक्काही लावला नाही. पुढे १९६८ मध्ये त्याच घराण्यातल्या रॉय जकुझी यांनी जेट, म्हणजे पाण्याचा झोत सोडणारी तोंडं, थेट टबाच्या भिंतीतच बसवले. आंघोळीचं सुख वाढलं, आणि त्याच दिवशी टबाच्या भिंतीला पाण्याच्या पातळीखाली भोकं पडायला सुरुवात झाली.

आज मोठ्या स्पामध्ये तीस-चाळीस जेट सहज असतात. शिवाय सक्शन, म्हणजे पंपाकडे पाणी ओढून घेणारं तोंड, दिवा, निचरा. म्हणजे तितकीच भोकं, तितकीच रबरी कडी. एक जरी थकलं, तरी आवाज हाच येतो.

[दृश्य: भिंतीचा कापलेला तुकडा हातात. एक बाजू काचेसारखी, दुसरी खडबडीत.]

ही भिंत नीट बघा, कारण बरंचसं इथेच ठरतं. आतली बाजू अ‍ॅक्रिलिकची, गुळगुळीत. अ‍ॅक्रिलिकचा पत्रा तापवून, साच्यावर ओढून टबाचा आकार देतात. एवढ्यानं तो माणसाचं आणि पाण्याचं वजन पेलणार नाही, म्हणून मागून फायबरग्लास आणि रेझीनचा थर चढवतात. हा थर खडबडीत. कुठे जाड, कुठे पातळ, मध्येच एखादा धागा वर आलेला.

रबराला सपाट आणि गुळगुळीत जागा लागते. म्हणून जेटच्या फिटिंगमध्ये बहुधा अशी रचना असते: फिटिंगची रुंद कड, म्हणजे फ्लँज, आतून पाण्याच्या बाजूला. तिच्याखाली गॅस्केट, म्हणजे आपलं रबराचं कडं. आणि मागून नट, जो सगळ्याला एकत्र आवळून धरतो. पाणी अडायचं ते पुढे, गुळगुळीत बाजूला. पुढून वाट मोकळी राहिली आणि फक्त मागे अडवलं, तर पाणी भोकाच्या आत शिरून फायबरग्लासच्या कापलेल्या कडेला लागतं आणि धाग्याधाग्यानं भिंतीच्या पोटात सरकतं. भोक पाडल्यावर ती उघडी कड रेझीननं बंद करणारा मिस्त्री दिसला, तर समजा की तो काम जाणतो. साध्या टबाच्या निचऱ्यात मात्र रबर बऱ्याचदा टबाच्या खाली बसतं आणि वरच्या कडेखाली सीलंट. तेव्हा फिटिंगसोबत आलेलं चित्र बघितल्याशिवाय हात घालू नये.

एक छोटी गोष्ट मला फार आवडते. ओव्हरफ्लोचं वॉशर काढून टेबलावर ठेवा. ते एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असतं. टबाची भिंत वर जाताना बाहेर कलते, मागचा पाइप मात्र सरळ उभा. दोघांमधली फट खाली रुंद आणि वर अरुंद. ती भरून काढायला हे पाचरीसारखं रबर, जाड बाजू खाली. उलटं बसवलं तरी नट आवळला जातो, बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि पहिल्यांदा टब काठोकाठ भरला की पाणी मागे उतरतं.

[दृश्य: दोन बोटांत धरलेलं गॅस्केट. दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं.]

आता मुद्द्याची गोष्ट. पाणी कोण अडवतं?

नट नाही. नट फक्त धरतो. पाणी अडवतं ते दाबलेलं रबर, जे आपल्या मूळ आकारात परत यायला धडपडत असतं. त्या धडपडीमुळे ते फ्लँजला आणि भिंतीला सतत चिकटून राहतं. ही उसळी जोवर आहे, तोवर पाण्याला वाट नाही.

दाब तरी किती असतो? दहा मीटर पाण्याचा दाब सुमारे एक बार. भिंतीतला जेट पाण्याच्या पातळीखाली अर्धा मीटर धरला, तर बारचा विसावा भाग. इतका कमी की तळहात टेकवून अडवता येईल. पंपाचा खरा जोर या गॅस्केटवर येतच नाही. तो येतो मागच्या पाइपांवर आणि चिकटवलेल्या सांध्यांवर. मग इतक्या हलक्या दाबाला अडवायला पाना घेऊन अंगातली सगळी ताकद का लावायची?

नेमकी इथेच चूक होते, आणि चांगल्या मनानं होते. घट्ट केलं की गळणार नाही, असं वाटतं. पण रबर दाबून लहान होत नाही. त्याचं घनफळ जवळजवळ तेवढंच राहतं. वरून दाबलं की ते बाजूला पसरतं. जास्त दाबलं की फ्लँजखालून जिभेसारखं बाहेर येतं, आणि मधे उरतं फक्त चेपलेलं, निर्जीव रबर. काही महिन्यांनी त्याचा आकार तोच कायम होतो, उसळी संपते. शिवाय प्लास्टिकच्या नटाला केसासारखी चीर जाते. ती त्या दिवशी दिसत नाही. हातानं घट्ट, त्यापुढे फार तर पाव फेरा, याच्या पलीकडे जायची गरज सहसा पडत नाही. आणि फिरवायचा तो नट. फिटिंगचं तोंड दुसऱ्या हातानं धरून ठेवायचं, नाहीतर रबर पीळ खाऊन सरकतं.

[दृश्य: टबात गरम पाणी भरतं आहे. वाफ.]

दाब कमी, पण भिंत स्थिर नसते. अ‍ॅक्रिलिक उष्णतेनं बरंच फुगतं: दर अंशाला, दर मीटरला मिलिमीटरचा सुमारे सात शतांश भाग. दीड मीटरचा मोकळा तुकडा पंचवीस अंशांनी तापला तर अडीच मिलिमीटरांहून जास्त वाढेल. फायबरग्लासचा थर त्याला बराच आवरतो, तरी ओढाताण होतेच. पितळ तेवढ्याच उष्णतेला याच्या तिसऱ्या भागाहूनही कमी फुगतं. म्हणजे एकाच भोकात दोन वेगळ्या चालीचे पदार्थ, रोज गरम, रोज थंड. मधे कडक चिकटवण घातलं तर ते तुटेल. रबर मात्र दोघांचं ऐकतं, म्हणून तिथे रबरच हवं.

[दृश्य: ओट्यावर मांडलेलं सामान. टेफ्लॉन टेप, पुट्टी, सिलिकॉनची नळी, ग्रीसची डबी.]

नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली मी अनेकदा पाहिली आहे. तिथे तिचा काही उपयोग नाही. हे आटे सरळ असतात, त्यांचं काम आवळण्याचं. पाणी तिथवर पोहोचलं म्हणजे पुढचं गॅस्केट आधीच हरलेलं आहे.

नळकामाची पुट्टी त्याहून धोक्याची. तिच्यात तेल असतं. अ‍ॅक्रिलिक आणि एबीएससारखी प्लास्टिकं काही तेलांनी आणि द्रावकांनी हळूहळू कमकुवत होतात, ताण असलेल्या जागी बारीक चिरा धरतात. धातूच्या आणि इनॅमलच्या जुन्या टबावर पुट्टीनं पिढ्यान्पिढ्या काम केलं, तो तिचा मान आहे. अ‍ॅक्रिलिकच्या टबावर ती नको. थिनर आणि अ‍ॅसिटोनही नको, डाग कितीही हट्टी असला तरी. तीच गोष्ट पेट्रोलियम जेलीची. स्पाची बरीच गॅस्केटं ईपीडीएम रबराची असतात. गरम पाण्यात हे रबर उत्तम टिकतं, पण खनिज तेलानं फुगतं आणि मऊ पडतं. ओ-रिंगला, म्हणजे गोल रबरी कडीला, वंगण लावायचं असेल तर सिलिकॉन ग्रीसच.

सिलिकॉन सीलंटबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. गळतंय म्हणून वरून आणखी एक थर फिरवला तर गळती झाकली जाते, थांबत नाही. जुनं सगळं, प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून, शेवटच्या कणापर्यंत काढावं लागतं. दुसरं, ते हवेतल्या दमटपणावर वाळतं, बाहेरून आत. वरची साय काही मिनिटांत येते आणि माणूस फसतो. आत मात्र दिवसाला दोन-तीन मिलिमीटर एवढंच वाळतं. संध्याकाळी लावून रात्री टब भरणं म्हणजे केलेलं काम स्वतःच्या हातानं धुऊन टाकणं.

टबाची कड आणि न्हाणीघराची भिंत यांच्यामधली फट भरायची असेल तर टब आधी पाण्यानं भरा. लिटरला एक किलो या हिशोबानं दोनशे लिटरांच्या टबात दोनशे किलो वजन उतरतं, टब थोडासा बसतो आणि फट खरी किती आहे ते दिसतं. त्या अवस्थेत सिलिकॉन भरा, वाळेपर्यंत पाणी तसंच ठेवा.

[दृश्य: पॅनलच्या आत टॉर्चचा उजेड. ओला फोम. बोट एका पाइपावरून सरकतं.]

आता गळती शोधायची. पॅनलला हात लावण्याआधी वीज मुख्य स्विचपासून बंद. पाणी आणि पंपाची मोटर एकाच कोपऱ्यात आहेत, इथे घाई जिवावर बेतते.

जिथे ओलं दिसतं तिथे गळतंय, असं मानू नका. फोम पाणी पितो आणि हातभर लांब नेऊन सोडतो. पाणी पाइपाच्या पोटाखालून वाहत जातं आणि भलत्याच सांध्यावरून टपकतं. लोक तोच सांधा बदलतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्यापेक्षा टबालाच विचारा. पंप बंद ठेवून पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावा आणि थांबा. पातळी उतरत उतरत जिथे थांबते, दोष त्या उंचीला. त्या रेषेवरचे जेट तपासा, बाकीच्यांना त्रास देऊ नका. मग पाणी शांत असताना संशयित फ्लँजच्या कडेजवळ खाण्याच्या रंगाचा एक थेंब सोडा. फट असेल तर रंगाची रेघ तिच्याकडे वळते. हे दृश्य आम्ही चित्रित केलं तेव्हा सगळे श्वास रोखून उभे होतो. लाल धागा पाण्यात सरळ खाली निघाला होता, मधेच वाकला आणि कडेखाली नाहीसा झाला.

गळण्याची वेळही बोलते. पंप चालू असतानाच गळत असेल तर दोष बहुधा दाबाच्या पाइपात, भिंतीच्या गॅस्केटमध्ये नाही. पंप बंद असताना गळतं, चालू केल्यावर थांबतं आणि जेटमधून बुडबुडे येऊ लागतात, तर सक्शनच्या बाजूला बघा. तिथे पंप बाहेरची हवा आत ओढत असतो. आणि सक्शनची जाळी तुटलेली किंवा काढलेली असेल तर पंप चालवूच नका. केस, कपडा, लहान मुलाचं अंग तिथे ओढलं जाऊ शकतं. गळती परवडली, हे नाही.

[दृश्य: जुनं गॅस्केट बाहेर येतं. चपटं, कडक, एका बाजूला फाटलेलं.]

दोषी सापडलं. पाण्याची पातळी भोकाखाली आणली, मागचा नट सैल केला. हे रबर बघा. बोटांत दाबलं तरी उसळत नाही. फ्लँजच्या कडेची खूण त्यावर कायमची उमटली आहे. त्यानं अनेक वर्षं काम केलं, त्याचा दोष नाही.

भोकाभोवतीची जागा साबणाच्या कोमट पाण्यानं पुसायची, कोरडी करायची, मग बोट फिरवून बघायचं. डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवा. वाळूचा एक कण, जुन्या सिलिकॉनचा एक पापुद्रा राहिला तरी बोटाला लागतो, आणि पाण्याला तेवढीच वाट पुरते. नवं गॅस्केट त्याच मापाचं, त्याच फिटिंगचं. सपाट बसवायचं, फिटिंग भोकाच्या मध्यावर धरायचं, नट हातानं फिरवत न्यायचा. सुरुवातीला नट अडला तर आटे तिरके चढले आहेत. मागे घ्या, पुन्हा सुरू करा.

[दृश्य: टब भरलेला. पॅनल अजून उघडंच. नटाखाली कोरडा टिश्यू पेपर.]

पॅनल लगेच लावू नका. पाणी त्या जेटच्या वर येईपर्यंत भरा, तापवा, पंप चालवा, मग सगळं बंद करून रात्रभर थंड होऊ द्या. फुगणं आणि आकसणं, दोन्ही एकदा होऊन गेलं पाहिजे.

सकाळ झाली आहे. नटाखालचा कागद उचलतो. उजेडाकडे धरतो. कडेपर्यंत पांढरा, कुरकुरीत, कोरडा.

[आवाज: काही सेकंद फक्त शांतता. मग स्क्रू आवळल्याचा आवाज.]