दोन मोठ्यांच्या मध्ये सापडलेलं प्लाटिया

श्रोतेहो, नमस्कार.

प्राचीन ग्रीसमधलं युद्ध म्हटलं की अथेन्स आणि स्पार्टा ही दोन नावं लगेच ओठांवर येतात. एकाचं आरमार, दुसऱ्याचं पायदळ, आणि इसवी सनपूर्व ४३१ ते ४०४ पर्यंत चाललेली त्यांची झुंज. आज मात्र मी तुम्हाला नेणार आहे प्लाटियाला. सिथेरॉन डोंगराच्या पायथ्याचं हे इवलंसं नगरराज्य. तेरा-चौदा किलोमीटरवर थीब्ज. बिओशिया प्रांतातली सगळी गावं आपल्या मुठीत असावीत ही थीब्जची जुनी इच्छा, आणि प्लाटिया काही वाकायला तयार नाही. म्हणून त्याने डोंगरापलीकडच्या अथेन्सचा हात धरलेला.

या गावाची आणखी एक पुण्याई होती. ४७९ साली इराणी फौजेचा निर्णायक पराभव झाला तो याच मातीत. त्या विजयानंतर स्पार्टाचा सेनापती पॉसेनियस याने प्लाटियाच्या चौकात यज्ञ केला आणि सगळ्या मित्रराज्यांना साक्षी ठेवून सांगितलं, की या गावावर विनाकारण कोणी चालून जाणार नाही. थीब्ज तेव्हा इराण्यांच्या बाजूने लढलं होतं.

४३१ च्या वसंतात एका रात्री तीनशेहून थोडे अधिक थीबन सैनिक प्लाटियात शिरले. दरवाजा फितुरांनी आतून उघडला होता. गाव आधी घाबरलं, बोलणीही लावली. मग लोकांच्या लक्षात आलं, की आलेले फार नाहीत. रस्त्यावर दिसू नये म्हणून त्यांनी घराघरांमधल्या भिंती फोडल्या, आतल्या आत जमवाजमव केली, गाड्या आडव्या लावून गल्ल्या अडवल्या आणि उजाडायच्या आत हल्ला केला. वरून पाऊस, खाली चिखल, आणि छपरांवरून बायका आरडाओरडा करत दगड-कौलं फेकताहेत! थीबनांना वाटा ठाऊक नव्हत्या. ज्या दरवाजाने आत आले, त्याच्या अडसरात कोणीतरी भाल्याचं टोक ठोकून तो बंद केलेला. मागून येणारी त्यांची कुमक असोपस नदीच्या पुरामुळे रखडली. १८० जण कैद झाले आणि प्लाटियाने त्यांना मारून टाकलं. थांबा, असा निरोप अथेन्सने धाडला होता, पण तो पोचायला उशीर झाला. माझ्या मते प्लाटियाने आपला सौद्याचा एकुलता एक ऐवज त्या दिवशी स्वतःच्या हाताने संपवला.

मग अथेन्सने गावात शिबंदी ठेवली आणि बायकामुलं, म्हातारेकोतारे आपल्याकडे नेले. थीब्ज या युद्धात स्पार्टाच्या बाजूचं. दोन वर्षांनी स्पार्टाचा राजा आर्किडेमस फौज घेऊन आला. प्लाटियाने पॉसेनियसच्या शपथेची आठवण दिली. राजा म्हणाला, मग तटस्थ राहा. नाहीतर घरं आणि शेतं दाखवा, झाडं मोजून द्या, युद्ध संपल्यावर सगळं परत करू. खरं तर प्रस्ताव अगदीच वाईट नव्हता. पण बायकामुलं अथेन्समध्ये होती. अथेन्सला विचारलं, तर उत्तर आलं: आम्ही तुम्हाला आजवर सोडलं नाही, आताही सोडणार नाही.

अथेन्सची फौज कधीच आली नाही. शहरात साथीने माणसं मरत होती, आणि स्पार्टाशी जमिनीवर लढायचं नाही हे धोरण आधीच ठरलेलं होतं.

आत होते ४०० प्लाटियन, ८० अथेनियन आणि स्वयंपाकाला ११० बायका. स्पार्टाने तटाला लागून मातीचा उतार रचला, तर आतल्यांनी बोगदा खणून खालून माती ओढून घेतली. आग लावून पाहिली, तीही विझली. शेवटी स्पार्टाने गावाभोवती दुहेरी भिंत बांधली, बुरूज आणि खंदकांसकट, आणि उपासमारीवर भिस्त ठेवली.

४२८ च्या हिवाळ्यात धान्य आटलं. निम्म्या लोकांनी निसटायचं ठरवलं. शिडी किती उंच हवी? शत्रूच्या भिंतीचा एक भाग गिलाव्याशिवाय राहिला होता. तिथले विटांचे थर अनेकांनी वेगवेगळे मोजले. एखादा चुकेल, पण बहुतेकांचा आकडा बरोबर येईल, हा हिशेब. वादळी, चंद्र नसलेल्या रात्री ते निघाले. चिखलात पाय रोवता यावा म्हणून फक्त डाव्या पायात पादत्राण. शस्त्रं एकमेकांवर वाजू नयेत म्हणून अंतर ठेवून चाललेले. तरी एक कौल खाली पडलंच आणि पहारा जागा झाला. शत्रूने थीब्जला इशारा द्यायला मशाली पेटवल्या, तशा गावात राहिलेल्यांनीही तटावर मशाली पेटवल्या, म्हणजे इशाऱ्याचा अर्थच लागू नये. निसटलेले आधी चक्क थीब्जच्या रस्त्याने गेले, तिथे कोण शोधणार? मग डोंगराकडे वळले. २१२ जण अथेन्सला पोचले.

उरलेले ४२७ च्या उन्हाळ्यापर्यंत तगले. तेव्हा गाव बळाने घेणं सोपं होतं, पण स्पार्टाने मुद्दाम घेतलं नाही. पुढे तह झाला आणि जिंकलेली गावं परत करायची वेळ आली, तर हे आपण होऊन शरण आलं, असं म्हणता यावं! स्पार्टाहून पाच न्यायाधीश आले. प्रत्येक कैद्याला एकच प्रश्न: या युद्धात तू स्पार्टाला किंवा तिच्या मित्रांना काही मदत केलीस का? नाही म्हणणाऱ्याला बाजूला नेऊन मारलं. किमान २०० प्लाटियन आणि २५ अथेनियन. बायकांना गुलाम केलं. न्यायाधीशांना थीब्जला खूश ठेवायचं होतं, युद्धात त्याचा उपयोग होता. पुढे गाव पायापासून उखडलं आणि त्याच्याच लाकूडसामानातून हेरा देवीच्या देवळाशेजारी एक धर्मशाळा बांधली.

वाचलेल्यांना अथेन्सने नागरिकत्व दिलं. ४२१ मध्ये राहायला जागाही दिली, ती उत्तरेकडच्या स्किओने शहरात. अथेन्सविरुद्ध उठलेलं हे शहर नुकतंच पडलं होतं. तिथले सगळे पुरुष अथेन्सने मारले होते आणि बायकामुलांना गुलाम केलं होतं.