अष्टमी बघून समुद्रात उतरा

अंदमानहून परत आलो की लोक एकच विचारतात, "स्नॉर्केलिंगला चांगली जागा कुठली?" म्हणजे मास्क लावून, नळीने श्वास घेत, तरंगता तरंगता पाण्याखालचं बघायला. मी नाव सांगतो. पुढच्या हिवाळ्यात तीच मंडळी जाऊन येतात आणि मला ऐकवतात, "काही नव्हतं हो तिथे. गढूळ पाणी आणि दगड." जागा तीच असते. हे गेलेले असतात भर ओहोटीला, नाहीतर वारा समोरून येत असताना. त्यामुळे आजच्या या गप्पांत नावं कमी सांगणार आहे. किनाऱ्यावर उभं राहून पाणी कसं बघायचं, त्यावर जास्त बोलेन.

उदाहरणाला शहीद द्वीप घेऊ. जुनं नाव नील. डिसेंबर २०१८ मध्ये ते बदललं, पण जेट्टीवर अजून 'नील'च ऐकू येतं. बेट इवलंसं, सायकलवर एका दिवसात पालथं घालता येतं. पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं इथे वसवली गेली. गावांची नावं बहुतेक रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. शेती उत्तम. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, बाजारात इथली भाजी जाते.

बहुतेक पर्यटक भरतपूरला उतरतात, कारण ते जेट्टीला लागून आहे. तिथे तुम्हाला लाइफ जॅकेट घालतात, हातात ट्यूब देतात, गाइड ती ओढत नेतो, दोन फोटो काढतो, झालं. मी त्याला नावं ठेवत नाही. ज्याला पोहता येत नाही त्याने तसंच जावं. पण ज्याला पोहता येतं आणि ज्याच्या हाताशी दोन-तीन दिवस आहेत, त्याने गर्दी सोडून पश्चिमेला लक्ष्मणपूरच्या बाजूला चालत सुटावं. तिथे मैलभर वाळू आणि आपण. आणि तिथेच माझी फजिती झाली होती, ती आधी सांगून टाकतो.

तुमच्यात कोकणातले बरेच दिसताहेत, म्हणजे हिशेब ठाऊक असेल. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. माझ्या आजोळी घड्याळापेक्षा या हिशेबावर भरवसा जास्त. तर पौर्णिमेचा दिवस होता. मी मोठ्या ऐटीत साडेअकराला पाण्यात उतरलो. भरती आत्ताच झालीय, आता तास-दीड तास काळजी नाही, असा माझा हिशेब. पाणी छातीपेक्षा वर, खाली प्रवाळाचं पठार, त्यावर पोपटमासे. प्रवाळ कुरतडताना त्यांचा कट्कट् आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. ते प्रवाळ चावून बारीक करतात आणि मागून पांढरी वाळू सोडतात. तुम्ही ज्या वाळूवर टॉवेल अंथरता, तिच्यातली बरीचशी अशी आलेली आहे. बघण्यात दोन वाजले कधी, कळलं नाही.

वळलो तर किनारा लांब, आणि मध्ये जिथून पोहत आलो होतो तिथे पोटरीएवढं पाणी. पोहावं तर छाती खरवडते. चालावं तर पायाखाली जिवंत प्रवाळ, काळ्या काट्यांचे समुद्री साळिंदर, आणि दगडासारखाच दिसणारा एक विषारी मासाही या पाण्यात असतो. तासभर वाळूच्या पट्ट्या शोधत, वाकडातिकडा, गुडघे फोडून घेत बाहेर आलो. चूक साधी होती. कोकणातला हिशेब कोकणापुरता. अंदमानात पौर्णिमा-अमावस्येची भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास होते. मी उतरलो तेव्हा पाणी परत फिरून दोन तास होत आले होते. उधाणाला तिथे पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं. सपाट पठारावर दोन मीटर म्हणजे सगळंच.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं, ते मोबाइलवर मिळतं. भरतीच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी फिरायला लागलं की बाहेर. चढतं पाणी बाहेरच्या समुद्रातलं, म्हणून स्वच्छ. उतरतं पाणी किनाऱ्याचा गाळ घेऊन जातं. आणि दुसरा नियम असा, की तिकिटं काढण्यापूर्वी भिंतीवरचं कालनिर्णय बघायचं. आपण सुट्ट्या बघतो, मी अष्टमी बघतो. अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस भांगाचे, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी कमी चढण्या-उतरण्याचे. तेव्हा सकाळी ओहोटी असते खरी, पण पाणी फार खाली जात नाही आणि ओढही कमी असते. नवख्या माणसाने भांगालाच जावं.

आता वारा. हिवाळ्यात तिथे वारा ईशान्येकडून येतो. म्हणून सीतापूरची पूर्वेकडची बाजू सूर्योदयाला सुंदर आणि पोहायला बेकार. लाटा वाळू ढवळून काढतात. त्याच वेळी पश्चिमेचं पाणी तेलासारखं शांत असतं. पावसाळ्यात सगळं उलटं. तिथे पाचच्या सुमारास उजाडतं, कारण घड्याळ आपलं आणि सूर्य त्यांचा. आपल्या सवयीने नाश्ता करून दहाला निघालात, तर अर्धा दिवस हातचा गेला.

उतरण्यापूर्वी दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, जमलं तर थोड्या उंचावर. फिकट निळं म्हणजे वाळू. गडद ठिपके म्हणजे खडक, प्रवाळ किंवा समुद्रगवत. वरून तिन्ही सारखे दिसतात आणि इथेच माणूस फसतो. मग पायाशी बघायचं. गवताच्या पात्यांचे पुंजके वाहून आलेत, तर समोर गवत आहे. बोटांएवढे, आल्याच्या कुडीसारखे पांढरे तुकडे पडलेत, तर प्रवाळ. लांबवर फेसाची पांढरी रेघ दिसते, ती प्रवाळाची कड. त्या रेघेत जिथे खंड आहे, तिथून ओहोटीचं सगळं पाणी बाहेर धावतं. तो खंड लांबून फार मोहक दिसतो, गडद निळा, गुळगुळीत. ओहोटीला त्याच्या वाटेला जायचं नाही.

खाडीचं तोंड आणि तिवरांचं बनही टाळायचं. पाणी गढूळ असतं हे एक, आणि अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये शेजारच्या बेटावर, राधानगरच्या किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणारी एक पर्यटक तरुणी मगरीच्या हल्ल्यात गेली. घाबरवायला सांगत नाही. पण 'निवांत किनारा' म्हणजे तिथे कोणी का नाही, हेही एकदा विचारावं. जाळं घेऊन बसलेल्या माणसाला विचारा. हिंदी सगळ्यांना येतं, आणि बांगला दोन शब्द आलं तर चहासुद्धा मिळतो.

मगाशी एकींनी विचारलं, फोटोंतले रंग तिथे खरंच दिसतात का. कमी दिसतात. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि अंदमानातलं कितीतरी प्रवाळ पांढरं पडलं, २०१६ मध्ये पुन्हा तेच. त्याआधी २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा काही किनारा वर उचलला गेला आणि तिथलं प्रवाळ उघडं पडून मेलं. म्हणून दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलेल्या जागेवर विसंबू नका, माझ्या जागांवरही नाही. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढतं, ते तपकिरी दिसतं. पण मासे त्याच्याही कपारीत राहतात. कधी कधी अशाच ठिकाणी मी तासभर रमलोय. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकायचा नाही, तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

आता मास्क. टेबलावर तीन ठेवलेत. पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा, नाकाने श्वास ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशीवाल्यांचा बहुधा पडेल, मिशीतून हवा शिरते. माझी दोन वर्षांपूर्वी गेली ती त्यासाठीच, घरी कारण वेगळं सांगितलंय. चष्मेवाल्यांनी आधी या, एका मास्कला नंबरच्या काचा आहेत.