पैसा सातबाऱ्याच्या मागे

ह्यूस्टनहून नैऋत्येला निघालं की टेक्सासमधली व्हार्टन काउंटी लागते. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. एल कॅम्पो हे इथलं भाताचं गाव. जमीन सपाट, चिकण, पाणी धरून ठेवणारी. टेक्सासच्याच कोलोराडो नदीचं पाणी कालव्याने शेतापर्यंत यायचं. पिढ्यानपिढ्या इथे भात पिकला.

मग भाताच्या काही शिवारांत घरं उभी राहू लागली. पुढे ऐसपैस बंगला, मागे काही एकर कुरण, त्यात एखाददुसरा घोडा. गावातले लोक अशा घरांना 'काउबॉय स्टार्टर किट' म्हणायचे. घरमालक नोकरी-धंदा करणारा, भाताचा एक दाणाही न पेरलेला. तरीही त्याला दरवर्षी भाताचं सरकारी अनुदान मिळू शकत होतं, आणि तेही पूर्णपणे कायदेशीर!

कारण १९९६चा शेती कायदा. यंदा शेतात काय पेरलंय, याच्याशी त्या कायद्याने अनुदानाचा संबंध तोडला. पूर्वी त्या जमिनीत कोणतं पीक किती एकरांवर घेतलं जायचं, ती नोंद धरायची आणि पैसे द्यायचे. या नोंदीतल्या क्षेत्राला 'बेस एकर' म्हणतात. शेतकऱ्याला हळूहळू अनुदानातून मोकळं करायचं, असा मूळ बेत होता. पण २००२च्या कायद्याने ही थेट मदत पुढे चालू ठेवली.

हिशेब करून बघू. भाताला दर शंभर पौंडांमागे २.३५ डॉलर. नोंदीतलं उत्पादन एकरी पाच हजार पौंड वजनाचं धरलं आणि ८५ टक्के क्षेत्र मोजलं, तर एकराला जवळपास शंभर डॉलर पडतात. दहा एकरांचे हजार डॉलर. अट एवढीच, की जमीन शेतीखाली राहिली पाहिजे. नुसतं गवत वाढवलं तरी चालायचं.

यात सगळ्यात जास्त मार बसला तो खंडाने जमीन कसणाऱ्यांना. कुळाला काढून टाकलं तर सगळं अनुदान आपल्यालाच मिळतं, हे काही जमीनमालकांच्या लक्षात आलं. ज्याचं आयुष्य भाताच्या बांधावर गेलं, त्याच्या हातून शेतही गेलं आणि पैसाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.

२००६मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने एल कॅम्पोचं हे चित्र देशापुढे मांडलं. देशभरात शेती न करणाऱ्यांना २०००पासून किमान १३० कोटी डॉलर मिळाले होते. २००८च्या कायद्याने घरांसाठी तुकडे पडलेल्या जमिनींचे बेस एकर रद्द करण्याची तरतूद केली, दहा एकर किंवा त्याहून कमी बेस असलेल्यांची मदतही थांबवली.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१२मध्ये दुष्काळामुळे इथल्या बहुतेक भातशेतीचं कालव्याचं पाणी तोडलं. शेतं कोरडी पडली. त्या वर्षी, पेरणी न करताही येणारी हीच रक्कम खऱ्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडली. म्हणून अनुदानच नको, असं मी म्हणणार नाही. ते कोणाच्या नावावर जमा होतं, त्यावर माझा आक्षेप आहे.

२०१४मध्ये थेट मदत बंद झाली. आता भाव ठरलेल्या पातळीखाली घसरला किंवा उत्पन्न बुडालं, तरच पैसे मिळतात. शेतीत खरंच सहभाग आहे का, हेही तपासलं जातं. पण हिशेबाचा पाया अजूनही तोच, जुन्या नोंदीतले बेस एकर.

हे ऐकताना महाराष्ट्रातला बटाईदार आठवल्याशिवाय राहत नाही. पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६००० सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जातात. बटाईने कसणारा बी आणतो, खत टाकतो, रात्री पाणी द्यायला जागतो. सातबाऱ्यावर त्याचं नाव नसतं, म्हणून हप्त्याच्या यादीतही नसतं.